गाडीतली सरळ बैठक

माझी गाडी खाली बसत चालली आहे, असं मला जवळपास दोन वर्षं वाटत होतं. वाटत होतं कसलं, खात्रीच होती. सीटमध्ये काथ्या भरून, तिच्याखाली लाकडी पट्ट्या घालून आणि शेवटी चेसीला लोखंडी आधार जोडून मी ती पुन्हा पुन्हा वर उचलली. खाली बसत होतो तो मी. हे कळायला एक्स-रेची फिल्म लागली.

हा आजार फारसा कोणाला माहीत नाही, म्हणून लिहितो आहे. पाठीच्या कण्यातले सांधे हळूहळू एकमेकांना चिकटत जातात आणि पाठ एकसंध होते. याने माणूस मरत नाही, त्यामुळे भेटायला येणाऱ्यांची थोडी निराशा होते. तापही दिसत नाही, जखमही दिसत नाही. सकाळी उठताना अंग लाकडासारखं झालेलं असतं आणि दहा वाजता आपण ऑफिसात चालताबोलता दिसतो. मग लोक म्हणतात, आळस आहे. नाव लांबलचक आहे. ते तुमचे डॉक्टर सांगतील. मी फक्त माझ्यापुरतं काय झालं ते सांगतो.

सरासरी चालक

सत्तरच्या दशकात मी लाखनीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. एक खोली, एक स्टोव्ह आणि कॉलेजची पुस्तकं एवढाच संसार. थोरला भाऊ आंधळगावला किराणा आणि धानाचा व्यापार करायचा. आई-वडील गेल्यावर माझं घर म्हणजे दादा आणि वहिनी.

नाकाडोंगरीकडच्या एका खाणीवर एक मॅनेजर होते. त्यांनी परदेशातून स्पोर्ट्स कारचे सुटे भाग पेट्यांत भरून आणवले होते. फायबरची बिनछपराची बॉडी, चेसीचे नळ, चाकं आणि जोडणीची पुस्तिका. इंजिन आपलं आपण शोधायचं. ते कॉलेजात व्याख्यानाला आले तेव्हा मी ती पुस्तिका वाचायला मागितली. वाचून परत केली. पुढे त्यांची बदली झाली तेव्हा पेट्यांना हातही लागलेला नव्हता. त्यांनी त्या माझ्या गळ्यात घातल्या, कारण पुस्तिका शेवटपर्यंत वाचलेला त्यांच्या ओळखीत मी एकटाच होतो. मला हा न्याय पटला. वाचनाची फळं भोगावी लागतात.

गाडी जोडली हमरस्त्यावरच्या शालिक मिस्त्रीच्या शेडमध्ये. शालिक ट्रकच्या बॉड्या दुरुस्त करायचा. बोलायला फर्डा, आणि ट्रक सोडून इतर वाहनांबद्दल त्याचं मत वाईट. एका भंगार मोटारीचं इंजिन त्यानेच मिळवलं. पण पहिल्यांदा रिकाम्या बॉडीत बसून पाहिलं तेव्हा तो ओरडलाच, "अजी सर, हे तं बाजेवर पडल्यासारखं होते! झोपून कोणी गाडी चालवते काय?"

पुस्तिकेत तसंच चित्र होतं. त्यात 'सरासरी चालक' नावाचा एक गृहस्थ काढलेला होता. पाठ मागे रेललेली, पाय समोर लांब, चेहऱ्यावर कसलीही काळजी नाही. टाच जमिनीवर, गुडघा किंचित वाकलेला, खांदा सीटला टेकलेला असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचलं पाहिजे, अशी त्याची बैठक. तशी आपली जमवायची तर तीन गोष्टी हलवता येत होत्या. सीट पट्टीवर पुढेमागे, स्टिअरिंगची दांडी वरखाली, आणि पेडल दोन भोकं अलीकडे किंवा पलीकडे. आम्ही आठवडाभर हातात पाना घेऊन हेच करत होतो. शेवटी एका संध्याकाळी मनगट नेमकं कडेवर पडलं. बॉनेटवरून रस्ता दिसला, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या दिसल्या. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट माझ्या मापाची होती.

उद्घाटन कॉलेजच्या अध्यक्षांनी केलं. हार घालून ते शेजारच्या सीटवर बसले, गावातून फेरी झाली, भाषणही त्यांनी बसूनच दिलं. त्यात त्यांची विनम्रता लोकांना फार आवडली. खरी गोष्ट अशी की त्यांना उठताच येत नव्हतं. शालिकने आणि शिपायाने काखेत हात घालून त्यांना बाहेर काढलं. मी हसलो होतो.

चेसी बसली

दीड-दोन वर्षांनी रस्ता कमी दिसायला लागला. बॉनेटच्या कडेने रस्त्याचा जवळचा भाग खाऊन टाकला होता. काथ्या दबला असेल म्हणून सीट भरून घेतली. महिन्याभरात पुन्हा तेच. आरसा सारखा खाली कलवावा लागे. मनगट कडेवर पोचेना, म्हणून सीट पुढे घेतली. तर गुडघे दांडीला लागायला लागले, म्हणून मागे.

"चेसी बसून राहिली जी," शालिक म्हणाला. "ट्रकचं असंच होते. खाणीवरचा माल वाहू वाहू मधात पोट सुटते त्यायचं."

"यात माल कुठे आहे? मी एकटाच तर असतो."

"तुमच्या पुस्तकायचं वजन असन मंग!"

तो हसला, मी हसलो, आणि आम्ही चेसीला आधार जोडला. लाखनीच्या रस्त्यावर जन्म गेलेल्या माणसांना वाकलेली चेसी रोज दिसते. वाकलेला माणूसही रोज दिसतो, पण त्याचं कारण कोणी विचारत नाही. धानाच्या चिखलात आयुष्य काढलं की पाठ वाकतेच.

माझ्या पाठीचं दुखणं तेव्हाही होतं. कमरेच्या खाली, बसायच्या जागी, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. पहाटे त्यानेच जाग यायची. चालून आलं की कमी व्हायचं. मी त्याचा दोष सीटला दिला. गावातल्या डॉक्टरांनी वात म्हणून सुया दिल्या. आंधळगावच्या वहिनीने गाडीवरून लिंबू उतरवलं. "लाल रंग कायले देला भाऊजी? सगळ्यायची नजर तेच्यावरच जाते." नजर गाडीला लागली असं तिचंही मत होतं. म्हणजे मिस्त्री, ग्रंथपाल आणि वहिनी, तिघांचं निदान एकच होतं.

मान वर करा

दादाने माझ्यासाठी मुलगी पाहिली होती. मोहाडीकडची, शिकलेली. मुलाचा फोटो हवा होता आणि तो गाडीत बसलेला असावा असा दादाचा हट्ट. मुलाच्या पगारापेक्षा गाडी मोठी दिसते, हे त्याचं व्यापारी शहाणपण.

लाखनीचा फोटोग्राफर शेडसमोर कॅमेरा लावून बराच वेळ काळ्या कापडाआड वाकून राहिला. मग डोकं बाहेर काढून म्हणाला, "सर, मान वर करा जरा."

"वरच आहे."

"आणखी थोडी."

"अहो, वरच आहे!"

तो जवळ आला आणि हनुवटीला हात लावून त्याने ती उचलायचा प्रयत्न केला. हनुवटी आली नाही. तो गोंधळला. शालिक हातातला पाना तसाच धरून पाहत राहिला. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

भिंत

नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात एका डॉक्टरबाईंनी मला तपासलं. आधी फिल्म पाहिली नाही. म्हणाल्या, "भिंतीला टाचा लावून उभे राहा. आता पाठ लावा. आता डोकं लावा."

डोकं लागलं नाही. भिंत आणि माझं डोकं यांच्यामध्ये त्यांची अख्खी मूठ गेली. मी जोर केला. मागे भिंत आहे हे माहीत होतं, थंडावा जाणवत होता, पण तिथवर जाता येत नव्हतं. तुमच्यावरही ही पाळी आली तर जोर करू नका. मी केला, आणि डोळ्यांत पाणी आलं ते दुखण्याने की कशाने, ते बाईंनी विचारलं नाही. एवढे उपकार.

फिल्मवर त्यांनी दाखवलं. कमरेचे सांधे जवळपास बुजले होते. वर कण्यात एकेक पूल तयार होत होता. "याला आम्ही बांबूसारखा कणा म्हणतो," त्या म्हणाल्या. भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला बांबू समजावून सांगावा लागत नाही.

"बरं होईल?"

"दुखणं कमी करता येईल. हाडं जुळायची ती जुळणार. कोणत्या आकारात जुळायची, एवढं मात्र थोडंफार तुमच्या हातात आहे. वाकून राहिलात तर वाकून जुळाल. सरळ राहिलात तर सरळ."

मग विचारलं, दिवसभर कसे बसता? मी खुर्चीचं सांगितलं, मग गाडीचं. त्यांनी मला तसं बसून दाखवायला लावलं. मी वॉर्डाच्या फरशीवर पाय लांब करून, पाठ गोल करून, हात पुढे धरून बसलो. आजूबाजूचे रोगी पाहत होते. अदृश्य गाडी चालवणारा ग्रंथपाल.

"विकून टाका ती," बाई म्हणाल्या.

वॉर्ड

तिथे मी बराच काळ होतो. पहाटे सगळ्यांत आधी उठणारा मीच, कारण झोपून राहणं हीच माझी शिक्षा. फरशी पुसणारी बाई बादली घेऊन यायची तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत असे. ओल्या फरशीवर पाय पडला की ती करवादायची, "थांब ना बाप्पा! वाळू तं दे!" दिवसभरात मला उद्देशून बोललेलं ते बहुतेक पहिलं वाक्य असे. मी त्याची वाट पाहायला लागलो होतो.

मग शेक, मग गोळ्या, मग पोटावर पालथं पडून राहणं. उशी नाही, खाली फळी. श्वास भरून घ्यायचा आणि छाती किती फुगते ते टेपने मोजायचं. फारशी फुगत नसे. पालथं पडलेल्या माणसाला जग फक्त एका बाजूचं दिसतं. माझ्या बाजूला भिंत होती आणि तिच्यावर एका जुन्या मंत्र्यांच्या हस्ते झालेल्या उद्घाटनाची संगमरवरी पाटी. तिचा मजकूर मला पाठ झाला. त्या महाशयांना पाठ फिरवता येत होती, हे नक्की; समारंभ झाल्यावर ते इकडे पुन्हा फिरकले नसावेत.

संध्याकाळी भेटीची वेळ. शेजारच्या खाटांवर डबे उघडायचे, मुलं रडायची, कोणी कोणाचे पाय चेपायचं. मी पुस्तक धरत असे. पान उलटत असे. त्या काळात काय वाचलं ते मला एक अक्षर आठवत नाही.

तुम्हीही असे एकटे असाल, तर खोटं सांगत नाही, याची सवय होत नाही. पण भेटीची वेळ संपते. घंटा झाली की सगळा वॉर्ड सारखाच एकटा होतो. ती घंटा मला आवडायची.

पाहुणे

दादा एकदा आला. लाडू घेऊन, खाटेच्या कडेवर बसून, आवाज खाली करून म्हणाला, "लग्न होईस्तोवर हे कोणाले सांगू नको. पाठीत चमक भरली, एवढंच सांगाचं."

"आणि नंतर?"

"नंतर कोणाच्या घरी बिमारी नाही होत?"

पुढच्याच आठवड्यात मुलीचे वडील नागपूरला कामाला आले होते ते मला पाहून गेले. साधे शेतकरी, हातात केळी. मी त्यांना फिल्म दाखवली. काय होणार तेही सांगितलं. त्यांनी फिल्म खिडकीकडे धरून, उलटी, बराच वेळ पाहिली.

"बरं केलं सांगितलं तुमी," ते म्हणाले. केळी टेबलावर ठेवली. जाताना दारातून परत आले आणि पांघरूण माझ्या पायांवर नीट ओढलं. त्यानंतर त्या घराकडून कोणी आलं नाही. येणार नव्हतंच.

दादाला कळलं तेव्हा तो एकदाच बोलला, "तुले घर नको होतं, तं माह्या पायाच्या वहाणा काहून झिजवल्या?" मग तोही येईनासा झाला. वहिनी ओळखीच्या माणसाबरोबर लोणचं पाठवत राहिली.

सीट उभी केली

लाखनीला परतलो. गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. तुमसरचा एक ठेकेदार ती वरातीसाठी घ्यायला तयार होता. नवरदेव रेलून बसला तर बिघडत नाही, त्याला एकच दिवस बसायचं असतं.

विकायची हे ठरलंही होतं. पण बस मला जमेना. आमच्या रस्त्याच्या खड्ड्यांत एसटीचा प्रत्येक धक्का मणक्यात जायचा आणि उभं राहिलं तर मान वर करून दांडा धरता येत नव्हता. गाडी गेली की कॉलेज आणि खोली एवढंच जग उरणार होतं. आंधळगाव तर संपलंच. मी शालिकला म्हणालो, "सीट उभी करायची. काटकोनात. शाळेच्या बाकासारखी."

"हे तं ट्रॅक्टर होईन!"

"होऊ दे."

डॉक्टरबाईंचं वाक्य मला उलटं सुचलं होतं. ज्या आकारात बसेन त्याच आकारात जुळणार असेन, तर गाडीलाच मला सरळ धरायला लावावं. बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "असं कोणी केलेलं ऐकलं नाही. दुखलं तर लगेच थांबा." एवढ्या परवानगीवर आम्ही बॉडी कापली.

पुस्तिका या वेळी उघडली नाही. त्या गृहस्थाचा आणि माझा संबंध संपला होता. सागवानी फळीची पाठ, सपाट बैठक, बरीच वर. स्टिअरिंगची दांडी उभी केली, ताटासारखं चाक आडवं पडलं. पेडल पुढे ढकलायचे होते ते खाली दाबायचे झाले. टाचेखाली लाकडाचा ठोकळा आला. पुढची काच आता माझ्या छातीशी येत होती, ती काढून टाकली. दोन्ही बाजूंना ट्रकचे आरसे, कारण मान वळत नव्हती. आधी मनगट पोचलं नाही, मग पोचलं तर कंबर दुखली. फळी बोटभर मागे कलती केली तेव्हा दुखणं थांबलं. हे करण्यात सगळा हिवाळा गेला.

एकच अडचण राहिली. मला वाकून आत शिरता येत नव्हतं. बैलगाडीवर चढावं तसं उभ्याने आत येऊन, दांडी धरून, सबंध अंग वळवून बसावं लागणार होतं. त्यासाठी उभं राहायला जागा हवी होती.

शालिक गाडीभोवती फिरला. "दुसरी सीट काढा लागते जी."

"काढ."

तो पाना घेऊन खाली बसला, पण बोल्ट सोडेना. "मंग बाजूले कोण बसन?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

"काढ," मी म्हणालो.

त्याने बोल्ट सोडले, सीट उचलून शेडच्या मागे नेऊन ठेवली आणि तिथेच बराच वेळ बिडी ओढत राहिला. नंतर येऊन त्याने त्या जागी पत्रा ठोकला आणि एक उभी लोखंडी दांडी बसवली.

गाडी हास्यास्पद दिसायची. खाली सपाट लाल बॉडी आणि तिच्यातून कमरेपासून वर निघालेला ताठ माणूस, डोळ्यांवर वेल्डिंगचा चष्मा, काळ्या काचा काढून साध्या घातलेला. मुरमाडीच्या बाजारात लोक सौदा थांबवून पाहायचे. पण रस्ता दिसत होता. जवळचाही आणि लांबचाही.

जुळलो

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला बाईंनी फिल्म पाहून सांगितलं, आता जे व्हायचं होतं ते झालं. दुखणं बरंच ओसरलं होतं. मग त्यांनी मला भिंतीशी उभं केलं. मुठीऐवजी दोन बोटं गेली. त्या तीच दोन बोटं स्वतःशीच पाहत राहिल्या. गाडीने झालं, की फळीवर झोपण्याने, की माझा आजारच त्या मानाने सौम्य होता, हे त्यांना माहीत नाही आणि मलाही नाही. म्हणून कोणी गाड्या कापू नका. पालथं झोपा, श्वास घ्या, आणि दिवसभर कसे बसता याकडे लक्ष द्या. एवढं सांगता येतं.

त्याच वर्षी दादा लाखनीला आला. कशाला, ते त्याने सांगितलं नाही. कॉलेजच्या फाटकाशी गाडीजवळ उभा होता. डोक्यावर टोपी, हातात पिशवी.

"भंडाऱ्यापर्यंत नेतं काय? तिथून गाडी भेटते मले."

"बसायला जागा नाही."

"उभा राहतो ना."

मी आधी चढलो, वळलो, बसलो. तो माझ्या मागून चढला आणि दांडी धरून उभा राहिला. पांढरं धोतर, टोपी, ताठ उभा. हमरस्त्यावर एका पानठेल्यावरच्या लोकांनी त्याला हात जोडले. निवडणुकीचे दिवस होते.

"काय करू रे? जोडू काय हात?"

"जोड. पण दांडी सोडू नको."

तो हसला. ते हसू किती वर्षांनी ऐकलं ते मी मोजलं नाही. पुढे मोकळा रस्ता लागला. मग वाऱ्यातून त्याचा आवाज आला, "रातच्याले झोप लागते काय तुले?"

घरातल्या कोणी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. मला समोरचा रस्ता दिसत होता, आरशात मागचे ट्रक दिसत होते, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात दांडीवरचा त्याचा हात. चेहरा दिसत नव्हता.

"लागते," मी म्हणालो.

एका तळ्याच्या पाळीजवळ मी गाडी बाजूला घेतली. तो उभा होता तीच माझी उतरायची वाट, म्हणून आधी त्याला उतरायला सांगितलं. मग दांडी धरून उठलो, वळलो, खाली आलो आणि त्याच्यासमोर उभा राहिलो. तो म्हातारा झाला होता. एका बाजूचे दात गेले होते.

"काहून थांबवली? बिघडली काय?"

"नाही," मी म्हणालो. "तुले पाहाचं होतं."

दादाने टोपी काढली, कपाळ पुसलं आणि चटकन तोंड तळ्याकडे फिरवलं. किती सहज वळते त्याची मान.